भिंतीला ओल असते

भिंतीला कान असतात ही म्हण करणारा माणूस डोंबिवलीचा नसणार. आमच्याकडे भिंतीच्या कानांवर कोणी अवलंबून नाही. समोरच्या बिऱ्हाडात काय चाललंय ते जिन्यातच स्वच्छ ऐकू येतं. आमच्या भिंतीला असते ती ओल.

ठाणे-कल्याण पट्ट्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा आकडा पेपरात वाचला की काही वाटत नाही. पण नवऱ्याने एकदा टेप लावून दाखवलं, की हे सगळं पाणी वाहून न जाता आमच्या हॉलमध्येच साठलं, तर ते छताखाली वीतभर अंतरावर येऊन थांबेल. आणि नेमकी तिथूनच, छताखाली वीतभरावरून, आमची ओल सुरू होते. नवरा याला योगायोग मानत नाही.

सासऱ्यांनी हा फ्लॅट १९८७ साली घेतला. डोंबिवली पूर्व, चार मजली इमारत, तिसरा मजला, लिफ्ट तेव्हाही नव्हती. पहिल्याच श्रावणात टीव्हीच्या भिंतीवर तळहाताएवढा डाग उमटला. मी लग्न होऊन आले १९९८ साली. म्हणजे ओल या घरात माझ्या अकरा वर्षं आधीची. नात्याने थोरली जाऊच. मानही तसाच. पाहुणे आले की माझ्या तब्येतीच्या आधी तिची विचारपूस. "यंदा कमी आहे, नाही?" मग सासूबाई कौतुकाने म्हणणार, "अजून गौरी-गणपती जायचेत."

या डागाला आकार होता. तो अखंड ठाणे जिल्ह्याच्या नकाशासारखा दिसे. वर तलासरी, उजवीकडे मुरबाडच्या अंगाला सुटलेलं पोट, खाली नवी मुंबईचं शेपूट, आणि डावीकडे अरबी समुद्राच्या जागी स्विचबोर्ड. माझी मुलगी तिसरीत जिल्ह्याचा भूगोल याच भिंतीवर शिकली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याच पावसात डागाच्या मधोमध एक कोरडी रेघ पडली आणि त्याचे दोन डाग झाले. सासूबाई चष्मा पुसून म्हणाल्या, "सरकारी हुकूम भिंतीपर्यंत पोचतो म्हणायचा."

आता माझं पंचवीस वर्षांचं निरीक्षण सांगते. आमच्या भागात भिंत सुंदर दिसावी म्हणून कोणी सजवत नाही. ओल लपवायला सजवतात. कोणाच्या हॉलमध्ये छताजवळ, सोफ्यापासून जरा तिरक्या जागी अचानक मोरपिसांची फ्रेम दिसली की मी मनात म्हणते, इथवर आली वाटतं. घड्याळ मधोमध नसून कोपऱ्यात असेल, तर वरच्या मजल्यावरची न्हाणी कुठे आहे ते मला विचारा, मी सांगते.

सासूबाईंच्या लेखी मुळात भिंत ही सजवायची वस्तूच नव्हे, ती दरवर्षी नव्याने घालायची वस्तू. माहेर संगमेश्वरकडचं, तिथे शेणाने सारवण. १९७४ साली त्या डोंबिवलीच्या चाळीत आल्या, तिथे दिवाळीआधी चुना. त्याचं वर्णन त्यांच्याकडून ऐकावं. डब्यात कळीचा चुना टाकायचा, वर पाणी ओतायचं, की तो स्वयंपाकघरात कोणी नसताना आमटी उकळावी तसा खदखदतो. मग फडक्याने गाळून त्यात सरस किंवा डिंक घालायचा, पिवळेपणा मारायला चिमूटभर नीळ, आणि कुंच्याने एक हात आडवा, एक हात उभा. ओला असताना चुना कळकट दिसतो, सुकला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीचा दगड होतो आणि उजळतो. त्यात बुरशीची डाळ शिजत नाही, आणि भिंतीतला दमटपणा आत न कोंडता बाहेर निघून जातो. सासूबाई याला "चुन्याची भिंत घाम पुसते" म्हणतात, आणि मला वाटतं त्यांचं म्हणणं रसायनशास्त्राला धरून आहे. तोटा एकच. टेकलं की पाठ पांढरी. चाळीतलं कोणतं पोर अभ्यासाच्या वेळी कोणत्या घरात, कोणत्या भिंतीला टेकून गप्पा मारत होतं, हे आईला पाठीवरून कळे.

मग ब्लॉक आले आणि त्यांच्याबरोबर डिस्टेंपर, ऑइलपेंट आणि लांबी. आमच्या माळ्यावर अजून गट्टूचा डबा आहे. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी काढलेला तो बटेचा आणि ब्रशवाला पोरगा. डब्याच्या तळाशी चार बोटं फिकट गुलाबी रंग आहे, दगड झालेला. "टचअपला लागेल" म्हणून ठेवलाय. डोंबिवलीच्या प्रत्येक माळ्यावर असा एक डबा असतो, आणि ज्या भिंतीला तो लावायचा ती भिंत कधीच दुसऱ्या रंगाची झालेली असते.

ओलीवरचा आमच्या घरातला पहिला उपचार अर्थातच कालनिर्णय. १९७३ पासून हे कॅलेंडर महाराष्ट्राला तिथी सांगत आलंय, पण त्यामागे काय काय झाकलं गेलंय याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. ओल कॅलेंडरच्या कडेबाहेर आली तेव्हा सासऱ्यांनी सीनरी आणली. आख्ख्या भिंतीचा कागदी देखावा, चार तुकड्यांत. निळं तळं, काठावर लाल छपराचं लाकडी घर, मागे बर्फाचे डोंगर, आणि तळ्यात एक होडी. नव्वदीच्या दशकात ही सीनरी ज्यांच्या घरी नव्हती त्यांच्याकडे नारळाच्या झाडांमागचा सूर्यास्त होता. आमचं घर दुपारी चाळीस अंशांत उकडायचं आणि आम्ही बर्फाकडे तोंड करून पंख्याखाली बसायचो.

सीनरी चिकटवायला मैद्याची खळ केली होती. खळीत मोरचूद घालायचं असतं, म्हणजे किडे लागत नाहीत. ते सासरे विसरले. झुरळांनी आधी डोंगर खाल्ले. नंतर घराचं छप्पर गेलं. मी नवी नवरी म्हणून गृहप्रवेश केला तेव्हा भिंतीवर तळं आणि होडी एवढंच शिल्लक होतं, आणि वरच्या बाजूने खरं पाणी उतरत होतं. तळं जरा जास्तच खरं वाटायचं.

यावर माझ्या मुलीने एकदा मोबाइलवरून वाचून दाखवलं, की एकोणिसाव्या शतकात विलायतेत हिरव्या वॉलपेपरचं वेड होतं, आणि त्या हिरव्या रंगात आर्सेनिक असे. दमट घरात त्या कागदावर बुरशी धरली की तिच्यातून आर्सेनिकचा वायू सुटतो, हे १८९० च्या दशकात गोझिओ नावाच्या इटालियन डॉक्टरने दाखवलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपल्याकडे नुसता वास येतो."

नवऱ्याने सूत्रं हाती घेतली त्याचं मूळ गणपतीच्या मखरात आहे. डोंबिवलीच्या माणसाला हातकाम कोणी शिकवावं लागत नाही. गरम तारेने थर्माकोल कापून त्याचं हंपीचं देऊळ करणं, जिलेटिन कागदामागे बल्ब लपवणं, फेव्हिकॉल सुकेपर्यंत खांब हाताने धरून आरतीला उभं राहणं, हे त्याने शाळेपासून केलेलं. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि घराघरातला एकेक कारागीर बेकार झाला. बेकार हात गप्प बसत नाहीत. त्यांना मोबाइलवरचे व्हिडिओ सापडले.

हे व्हिडिओ नवरा लोकलमध्ये उभ्याने बघतो. त्यांत एक गोरीपान बाई रिकाम्या, कोरड्या, स्विचबोर्ड नसलेल्या भिंतीसमोर हसत उभी असते आणि अर्ध्या तासात त्या भिंतीचं रूप पालटते. तिच्या भिंतीवर पाल नसते. तिच्या खोलीत पंखा चालू करायला कोणी मध्ये येत नाही. सासू सोफ्यावर बसून "पाय वर घेऊ का?" विचारत नाही. मी नवऱ्याला म्हटलं, अरे, तिच्याकडे मजूर महाग म्हणून ती हाताने करते. आपल्याकडे पेंटर नाक्यावर मिळतो. त्यावर तो म्हणाला, "पेंटरला कलादृष्टी नसते." पुढे काय झालं ते येईलच.

आमच्या घराण्याच्या तीन शाखा आहेत : नणंद ठाण्यात, आम्ही डोंबिवलीत, धाकटा दीर कल्याणात. भिंत एकच, पण गाव बदललं की तिचं नाव बदलतं. ठाण्यात, म्हणजे घोडबंदर रोडला तेविसाव्या मजल्यावर, तिला 'फीचर वॉल' म्हणतात. डोंबिवलीत ती 'टीव्हीची भिंत'. कल्याणला दीर नुसतं 'समोरची' म्हणतो.

नणंदेच्या फीचर वॉलला उभ्या खाचांच्या पीव्हीसी पट्ट्या आहेत, मध्ये संगमरवराचा भास देणारी शीट, आणि कडेने लपवलेली एलईडी. "आम्हीच केलं सगळं," ताई सांगतात. म्हणजे उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटमधून माल आणला, सुतार दोन दिवस राबला, आणि ताई-भावोजी आळीपाळीने त्याच्यामागे उभे राहून "जरा डावीकडे" म्हणाले. ठाण्यात याला स्वतः करणं म्हणतात. पण भिंत दिसते छान, हे मान्य केलं पाहिजे. ओल मात्र तेविसाव्या मजल्यावरही आहे. फक्त ती पट्ट्यांच्या मागे असल्याने इंग्रजीत आहे. तिला 'सीपेज' म्हणतात.

कल्याणच्या दिराने २०२० च्या टाळेबंदीत समोरची केली. पद्धत अशी, की रंगाचा पहिला हात ओला असतानाच दुसऱ्या रंगात बुडवलेला चुरगळलेला कागद भिंतीवर दाबत जायचं. सुरकुत्यांची नक्षी उठते. कागद म्हणून त्याने घरातली रद्दी वापरली. नक्षी उठली, आणि तिच्याबरोबर पेपरची शाईही उठली. अक्षरं अर्थातच उलटी. सोफ्यावर बसून काही कळत नाही, पण जेवणाआधी हात धुवायला बेसिनपाशी गेलं की समोरच्या आरशात भिंत सरळ दिसते आणि "सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष" एवढं वाचता येतं. जाऊबाई म्हणतात, तेवढाच ह्यांच्या हातून झालेला माझा उल्लेख.

आमच्याकडे नवऱ्याचा पहिला प्रयोग वारली. ठाणे जिल्हा आपला, वारली आपली, असं म्हणून त्याने ऑनलाइन स्टेन्सिल मागवलं. भिंतीला गेरूचा रंग दिला. वारली चित्रात माणसाचं अंग म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. ती जी मधली बारीक कंबर, तिच्यातच सगळा नाच असतो. नवऱ्याने पांढरा रंग पातळ केला आणि तो स्टेन्सिलखाली झिरपला. नेमका कंबरेत साठला. तारप्याभोवती नाचणारी सगळी माणसं एका रात्रीत चौकोनी झाली. मुलगी म्हणाली, "बाबा, हे वारली नाहीत, हे बँकेत लागलेत."

त्या दिवाळीत माझी बँकेतली मैत्रीण फराळाला आली. ती तलासरीकडची, वारलीच. तिने चहा घेता घेता भिंतीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "लग्न कोणाचं आहे?" आम्ही गोंधळलो. मग तिने सांगितलं, की नवऱ्याने टीव्हीभोवती हौसेने जी चौकोनी नक्षीदार चौकट काढलीय, तो चौक. तो लग्नाच्या वेळी काढतात, सवाशिणी काढतात, आणि मध्ये पालघट देवी असते. ती हसून म्हणाली, "देवी कुठाय?" नवऱ्याने टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीवर तेव्हा मालिकेतली सासू होती.

तिच्याकडूनच बाकीचं कळलं. तांदळाचं पीठ, पाणी, थोडा डिंक, आणि टोक चावून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी, एवढ्यावर हे सगळं उभं आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या विधीबाहेर, बायकांचं समजलं जाणारं हे चित्र रोज काढायला सुरुवात केली. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींमुळे त्यांचं काम बाहेरच्या लोकांनी पाहिलं. २०११ साली मशे पद्मश्री झाले आणि २०१८ मध्ये वारले. हे ऐकून माझ्या नवऱ्याला बाकी कशाहीपेक्षा एका गोष्टीचं आश्चर्य वाटलं : स्टेन्सिल नव्हतं? सासूबाईंना दुसऱ्याच गोष्टीचं. "तांदळाचं पीठ घरात होतं की रे. कशाला मागवलास तो रंग?"

वारली तीन पावसाळे टिकली. चौथ्यात ओलीने तारपावाल्यापासून सुरुवात केली.

मध्ये एक शेजारधर्म. समोरच्या फ्लॅटमध्ये अकरा महिन्यांच्या करारावर एक तरुण जोडपं राहायला आलं. करारात खिळा ठोकायला बंदी. त्या दोघांनी आख्खं घर चिकटपट्टीवर उभं केलं. फोटो दोरीला चिमट्यांनी, दोरी चिकट हुकाला, मॅक्रमेची झुंबरं, वर बारीक दिव्यांची माळ. संध्याकाळी ते घर इतकं गोड दिसायचं की मी भाजी निवडायला त्यांच्या दारात बसायचे. अकरा महिन्यांनी निघताना त्यांनी सगळे हुक सोडवले. प्रत्येक हुकाबरोबर रुपयाएवढा रंग आला. मालकाने डिपॉझिटमधून कापले ते मात्र रुपये नव्हते, हजार होते. खिळा ठोकला असता तर स्वस्त पडलं असतं.

हे डोळ्यांसमोर घडूनही नवऱ्याने फोमच्या विटा आणायचं ठरवलं.

या विटा म्हणजे मऊ फोमची शीट, पाठीला गोंद, पुढून पांढऱ्या विटांचा उठाव. शीट ७० बाय ७७ सेंटिमीटर, आमची भिंत दहा बाय नऊ फूट. त्याने जेवणाच्या टेबलावर भागाकार केला, साडेपंधरा आले, म्हणून सोळा घ्यायच्या. मी त्याला एवढंच म्हटलं, की अरे, या भिंतीच्या आत खऱ्या विटा आहेत. भिवंडी-शहापूरकडच्या भट्टीत भाजलेल्या असतील. त्या दिसू नयेत म्हणून वर गिलावा केला, गिलावा दिसू नये म्हणून लांबी भरली, लांबी दिसू नये म्हणून रंग दिला, आणि आता रंग दिसू नये म्हणून तू विटा लावणार. तो म्हणाला, "त्या विटा वेगळ्या, ह्या वेगळ्या." हे खरंच होतं.

क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने घेतल्या तर स्वस्त पडतात, म्हणून ऑफिस सुटल्यावर त्याने तिथून सोळा शीटची गुंडाळी घेतली आणि ती घेऊन कल्याण फास्टमध्ये चढला. गुंडाळी रॅकवर टाकली. डोंबिवलीला तो उतरला असं म्हणणं बरोबर नाही. डोंबिवलीला माणूस उतरवला जातो. तो प्लॅटफॉर्मवर उभा राहिला तेव्हा हातात डबा होता, खांद्याला बॅग होती, आणि आमची भिंत कल्याणला चालली होती.

त्याच्या डब्यातला ग्रुप मात्र सोन्यासारखा. कल्याणला उतरणाऱ्या एकाने गुंडाळी उतरवून घेतली, दिराला फोन केला, दीर स्टेशनवर गेला. रविवारी त्याने ती आमच्याकडे पोचवली. शीट मोजल्या तर चौदा. "दोन वाटेत चेपल्या असतील," दीर म्हणाला. आम्ही मान हलवली. पुढे दोन महिन्यांनी कल्याणला गेलो तर बेसिनच्या मागे, आरशाखाली, बरोब्बर दोन शीट मावतील एवढ्या जागेत पांढऱ्या विटा होत्या. कोणी काही बोललं नाही. आरशात मात्र "गृहकृत्यदक्ष" दिसत होतं.

चौदा तर चौदा. टीव्ही युनिटच्या मागे कोण बघतंय, म्हणून तिथे रिकामं सोडलं. स्विचबोर्डाभोवती कापताना वीट तिरकी गेली, ती तुळशीच्या मंजिरीसारखी दिसते असं ठरलं. काम मात्र सफाईदार झालं, मखराचा हात शेवटी. कामवाल्या बाईंनी विचारलं, "ताई, ही वीट पुसायची का धुवायची?" आणि जो पाहुणा येई तो आधी भिंतीपाशी जाऊन अंगठ्याने दाबून बघे. "खरी वाटते, नाही?" फोम मऊ, दाबलेलं तसंच राहतं. महिन्याभरात भिंतीवर दोन्ही घराण्यांच्या अंगठ्यांचे ठसे जमले. आधार केंद्रातसुद्धा इतके सापडणार नाहीत.

यातली एक गोष्ट नवऱ्याला माहीत नव्हती. विटा लागल्या त्याच जूनमध्ये मी सोसायटीला पत्र दिलं होतं. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीतून गळती होते, कृपया पाहणी करावी, वगैरे. छत्तीस वर्षांत असं पत्र कोणी दिलंच नव्हतं. सासऱ्यांना वरच्या काकांशी बुद्धिबळ खेळायचं असे. पत्र दिल्याचं मी घरात सांगितलं नाही, आणि शनिवारी मी माहेरी गेले असताना नवऱ्याने मला चकित करायला भिंत पुरी केली.

रविवारी सकाळी कमिटी आली. सेक्रेटरी, खजिनदार आणि स्वतः वरचे काका. तिघांनी भिंतीकडे पाहिलं. तिघांनी अंगठा लावला. सेक्रेटरींनी विचारलं, "वहिनी, कुठून घेतलंत हो हे? आमच्या बेडरूमला करायचंय." खजिनदारांनी वहीत लिहिलं : समक्ष पाहणी केली, भिंत उत्तम स्थितीत आढळली. काका जाताना म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? आमच्याकडून काहीच नाही." नवरा अभिमानाने फुलला होता. मी म्हटलं, एक वीट काढून दाखव. तो म्हणाला, "डिझाइन बिघडेल."

डिझाइन जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्री अडीचला, आपणहून बिघडलं. फट्ट असा आवाज झाला. सासूबाई आतून म्हणाल्या, "कोण आलं?" ओलच आली होती. वरची पहिली शीट खाली वाकून नमस्कार करत होती. गोंद सुटला नव्हता, गोंद उत्तम होता. गोंदाने रंगाला धरलं होतं, रंगाने लांबीला, आणि ओलीने फुगलेल्या लांबीने गिलाव्याचा हात सोडला होता. म्हणजे जी शीट पडली ती भिंत घेऊन पडली. सकाळपर्यंत आणखी दोन. मागे चुना-सिमेंटातला क्षार पाण्यात विरघळून वर येऊन सुकलेला, पांढरा लोणा, कापसासारखा, आणि त्याच्या आजूबाजूला काळी बुरशी. फोममधून वाफ जात नाही, त्यामुळे महिनाभर हे सगळं तिथे झाकणाखाली रटरटत होतं. एक पाल होती, तिने आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की दार न वाजवता आत आल्यासारखं आम्हालाच वाटलं.

पेंटर बोलावला. त्याने पट्टीने दोन जागी खरवडलं, मागे सरला, आणि जगातल्या प्रत्येक पेंटरचा, प्लंबरचा आणि न्हाव्याचा पहिला प्रश्न विचारला : "हे कोणी केलंय?"

नवरा क्षणभरही अडखळला नाही. "आधीचा एक पेंटर होता," तो म्हणाला.

"काय माणसं असतात," पेंटर म्हणाला.

"ना कलादृष्टी, ना काही," नवरा म्हणाला. मग दोघांनी मिळून दहा मिनिटं त्या माणसाची अक्कल काढली. मी चहा टाकला.

पेंटर खरवडत गेला तसा एकेक थर वर आला. गेरू, त्यावर एका जाडजूड नर्तकाचा पाय. त्याखाली रबरी रोलरने उठवलेली सोनेरी वेलबुट्टी, ती माझ्या लग्नाच्या वर्षीची. गट्टूच्या डब्यातला फिकट गुलाबी. आणि अगदी तळाशी, स्विचबोर्डाच्या बाजूला, झुरळांनाही न सापडलेला तळहाताएवढा निळा कागद, ज्यावर एक होडी होती. सासूबाई उठून जवळ आल्या, बराच वेळ बघत राहिल्या. "हे यांनी लावलं होतं," म्हणाल्या, आणि पेंटरला म्हणाल्या, "तेवढं राहू दे संध्याकाळपर्यंत."

कमिटी पुन्हा आली. यावेळी अंगठा लावायला काही नव्हतं. वरच्या काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि मान्य केलं की हे पाणी आकाशातून तिसऱ्या मजल्यावर थेट येऊ शकत नाही. त्यांची न्हाणी खणली. नहाणी ट्रॅपचा जोड १९८७ पासून नीट बसलेलाच नव्हता. नवा ट्रॅप, वॉटरप्रूफिंग, नव्या लाद्या, आठ दिवसांचं काम. ते आठ दिवस काका-काकू आंघोळीला आमच्याकडे यायचे आणि काका न्हाणीतून बाहेर येताना दर वेळी भिंतीकडे न बघता म्हणायचे, "तुमचं बाथरूम छान कोरडं आहे हो."

दिवाळीपर्यंत भिंत सुकली. पेंटरने तिला साधा पांढरा दिला, दोन हात. डाग नाही, नकाशा नाही. नणंद आली, म्हणाली, "अय्या, मिनिमल केलंत!" दीर आला आणि सवयीने अंगठा लावून गेला. सासूबाईंनी नवीन वर्षाचं कालनिर्णय स्वयंपाकघराच्या दाराला लावलं, कारण हॉलमध्ये आता त्याला काम नव्हतं.

नवऱ्याची मात्र गेले काही दिवस भूक कमी झालीय. रविवारी चहा घेऊन तो पांढऱ्या भिंतीसमोर उभा राहतो. व्हिडिओ बघतो, पुन्हा भिंतीकडे बघतो, मोबाइल खिशात ठेवतो. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "काही सुचतच नाही गं."

काल रात्री मला जाग आली तर तो पलंगावर नव्हता. बेडरूमच्या खिडकीखाली, कपाटाच्या बाजूच्या भिंतीवर तळहात सपाट टेकवून उभा होता. माझी चाहूल लागताच हळूच म्हणाला, "जरा इकडे ये. हात लाव. इथे थोडं गार लागतंय का बघ."